बिनकळांची बाळंतीण

बायकांच्या कुठल्याही घोळक्यात, मग तो हळदीकुंकवाचा असो, बारशाचा असो की आठ वीसच्या लोकलच्या डब्यातला असो, बाळंतपणाचा विषय निघायला दहा मिनिटांच्या वर लागत नाहीत. आणि एकदा तो निघाला, की निवृत्त सुभेदारांनी पारावर बसून लढाया सांगाव्यात तशा बायका आपापल्या कळा सांगायला लागतात.

"माझ्या अठ्ठावीस तास चालल्या!"

"अठ्ठावीस? अगं, माझ्या शुक्रवारी दिवेलागणीला सुरू झाल्या आणि रविवारी टीव्हीवर 'महाभारत' लागलं तेव्हा सुटका झाली!"

"मला तर दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. रिक्षातच!"

या रिक्षातल्या बाईला एकदम परमवीरचक्राचा मान मिळतो. सगळ्या तिच्याकडे आदराने बघतात. मग एखादी चौकस काकू माझ्याकडे वळते. "आणि तुझं गं?"

मी हळूच सांगते, "सीझर."

घोळक्यात क्षणभर शांतता. सुभेदारांच्या बैठकीत कुणीतरी "मी मिलिटरी कँटीनमध्ये हिशेब लिहायला होतो" म्हणाल्यावर पसरते, तसली. मग काकू माझ्या पाठीवर थोपटून म्हणते, "मग काय, सोप्पं! कळा नाहीत न् काही नाहीत. झोपायचं आणि आयतं पोर मांडीवर घ्यायचं!"

हे 'सोप्पं' मी गेली कित्येक वर्षं गिळत आले. लग्नकार्यात गिळलं, डोहाळजेवणात गिळलं, एकदा तर भाजीवालीकडून कोथिंबिरीच्या जुडीबरोबर फुकट मिळालेलंही गिळलं. पण आता माझं वय झालं आणि पचनशक्ती पूर्वीसारखी राहिली नाही. तेव्हा आज ते एकदाचं बाहेर काढते. तसंही माझ्यातून काही बाहेर काढायचं म्हणजे थोडी कापाकापी होणारच.

पहिल्यांदा त्या नावाचा निकाल लावू. सीझर म्हटलं की लोकांना वाटतं, तो रोमचा ज्युलियस सीझर असा पोट फाडून जन्माला आला म्हणून हे नाव. ही शुद्ध बंडल आहे. त्या काळी बाईचं पोट फाडायचं ते ती मेल्यावर किंवा मरायला टेकल्यावर. सीझरची आई तर मुलगा मोठा होऊन लढाया मारू लागला तरी चांगली हयात होती. तेव्हा तिची सुटका नेहमीच्या वाटेनेच झाली असणार, आणि रोममधल्या हळदीकुंकवात तिनेही आपल्या कळांचे तास अभिमानाने सांगितले असणार! पोट उघडलेली बाई जगलीच पाहिजे, हा आग्रह फार अलीकडचा. १८८२ साली मॅक्स सँगर नावाच्या जर्मन डॉक्टरने गर्भाशयाची चीर नीट, थराथरांनी शिवायची पद्धत सांगितली. त्याआधी बहुतेक डॉक्टर ती चीर शिवतच नसत. चादरीला चीर गेली तर आपण शिवतो. बाईला गेली तर शिवावी, हे लक्षात यायला इतकी शतकं लागली. आणि शिवण पक्की व्हायला लागली म्हणून काकू म्हणणार, सोप्पं!

माझं सीझर आधीपासून ठरलेलं होतं. त्याचं कारण आमचे चिरंजीव. नवव्या महिन्यातसुद्धा ते डोकं वर आणि बूड खाली अशा थाटात, आरामखुर्चीत पेपर वाचत बसल्यासारखे बसलेले होते. भरल्या दिवसांच्या शंभर बायकांत तीन-चार जणींची मुलं असा हट्ट धरतात. डॉक्टरीणबाईंनी पोटावरून दाबून त्याला फिरवायचा एक प्रयत्न केला. निम्म्या वेळा तो साधतो म्हणतात. कणकेचा गोळा मळावा तसं माझं पोट मळून झालं. पोरगं अर्धवट वळलं, थांबलं आणि परत जागेवर जाऊन बसलं. तो हट्ट अजूनही तसाच आहे, पण ते नंतर.

"मग सीझरच बरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पूर्वी अशी बाळंतपणं खालूनच करायचा प्रयत्न व्हायचा, पण २००० साली सव्वीस देशांतल्या दोन हजारांवर बायकांची पाहणी प्रसिद्ध झाली आणि पायाकडून येणाऱ्या मुलांना ठरवून केलेलं सीझर जास्त सुरक्षित दिसलं, असं त्यांनी समजावून सांगितलं.

घरी ही बातमी सांगितल्यावर सीझर राहिलं बाजूला. "अय्या, पायाळू!" असा एकच पुकारा झाला. पायाळू माणसाला गुप्तधन दिसतं. पायाळू माणसावर वीज पडते. उसण भरली असेल तर पायाळू माणसाने पाय लावला की ती उतरते. एवढी सगळी माहिती मला पंधरा मिनिटांत मिळाली. आमच्या आत्येसासूबाई, ज्यांना आम्ही सगळे आत्याच म्हणतो, त्या मात्र विचारात पडल्या. "पण पोट कापून काढणार म्हणजे पायाळू कुठला? पायाने येईल तर पायाळू! हा तर कुठूनच येणार नाही. ह्याला नुसता उचलणार." म्हणजे पोराला गुप्तधन नाही ते नाहीच, वर मलाही बाळंतपणाचं पुण्य नाही.

मग सुरू झाला मुहूर्ताचा घोळ. नेहमीच्या बाळंतपणात वेळ देवाच्या हातात असते, त्यामुळे सगळे गप्प असतात. ठरलेल्या सीझरची वेळ माणसाच्या हातात आहे म्हटल्यावर आमच्या घरातली सगळी माणसं ब्रह्मदेवाच्या खुर्चीवर दाटीवाटीने बसली. मामंजींनी पंचांग काढलं. गुरुवारी मूळ नक्षत्र. शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ. पुढच्या आठवड्यात अमावास्या. शेवटी कुणा ओळखीच्या ज्योतिषाने बारा दिवस अलीकडची एक पहाट काढून दिली. त्या पहाटे म्हणे राजयोग होता. मुलगा निदान जिल्हाधिकारी तरी नक्की.

डॉक्टरीणबाईंनी तो कागद शांतपणे वाचला आणि परत दिला. "एकोणचाळीस आठवडे भरल्याशिवाय, काही अडचण नसताना, मी पोटाला हात लावत नाही," त्या म्हणाल्या. "त्याआधी काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास जास्त होतो. जिल्हाधिकाऱ्यालासुद्धा आधी श्वास घेता यायला हवा ना?" सोमवार ते शनिवार, सकाळी आठ ते अकरा, यात ब्रह्मदेवाला काय करायचं ते करू दे, असा त्यांचा हिशेब होता. शेवटी एप्रिलातला एक मंगळवार ठरला. वर्ष २०१४. मामंजींनी तो मुहूर्त 'मध्यम' म्हणून मान्य केला.

मुहूर्ताची बोळवण होते न होते तोच दुसरी आघाडी उघडली. "खरंच गरज आहे का गं? हल्ली डॉक्टर उगाच कापतात. पैशासाठी!" हे मला आत्यांनी सांगितलं, सासूबाईंनी सांगितलं, शेजारच्या काकांनी सांगितलं आणि लिफ्टमध्ये एका अनोळखी गृहस्थांनीही सांगितलं.

आता इथे मी एक कबूल करते. त्या गृहस्थांचं अगदीच खोटं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली म्हटलं होतं की शंभरांत दहा-पंधरापेक्षा जास्त सीझर करायला काही सबळ कारण दिसत नाही. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१९ ते २१ या काळात सरकारी दवाखान्यांतल्या शंभर बाळंतपणांत सुमारे चौदा सीझर आढळली, आणि खाजगीत सत्तेचाळीस! देवाने खाजगीत जाणाऱ्या बायकांची हाडं काही वेगळ्या साच्यातून काढलेली नाहीत. तेव्हा कुठेतरी पाणी मुरतंय यात शंका नाही. पण मी म्हणते, हे भांडण दवाखान्याच्या बिलाच्या खिडकीशी जाऊन करा ना! तिथे लिफ्टमधले गृहस्थ खाली मान घालून पैसे मोजतात, आणि खाटेवर टाके घेऊन पडलेल्या बाईला मात्र जाब विचारतात. नको असताना कापलं असेल, तर ती बाई फसवलेली आहे. हवं असताना कापलं असेल, तर वाचलेली आहे. यातल्या कुठल्या बाईला टोमणा मारायचा, ते मला कुणीतरी समजावून सांगा.

असो. सोमवारी संध्याकाळी मी भरती झाले. नऊ महिने "दोन जिवांची आहेस, खा, खा" म्हणून माझ्या पानात वाढणाऱ्या मंडळींनी त्या रात्री माझ्यासमोर आमरस-पुरी खाल्ली. मला रात्री बारानंतर अन्न बंद आणि सकाळी सहानंतर पाणीसुद्धा बंद. मग एक संमतिपत्र आलं. त्यात काय काय होऊ शकतं याची यादी होती: रक्तस्राव, जंतुसंसर्ग, भुलीचा त्रास, मूत्राशयाला इजा, आणि शेवटी तो एक शब्द, जो घरात दिवेलागणीला उच्चारत नाहीत. घराच्या कर्जाचे चाळीस कागद न वाचता सही करणाऱ्या आमच्या ह्यांनी हा एक कागद तीनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना त्यांच्या कपाळावर घाम होता. रक्ताची एक पिशवी राखून ठेवायला लागेल म्हटल्यावर ते खाली जाऊन स्वतःच रक्त देऊन आले. 'सोप्पं' असलं की माणसं बहुधा असंच वागतात.

सकाळी टेबलावर बसवून भुलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "मांजरीसारखी पाठ गोल करा." नऊ महिन्यांचं पोट पुढे घेऊन मांजर कसं व्हायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. मी आपली भरलेल्या पोत्यासारखी जमेल तेवढी गोल झाले. पाठीच्या कण्यात सुई टोचून कमरेखालचा भाग बधिर करायची ही युक्ती १८९८ सालची, ऑगस्ट बीअर या जर्मन डॉक्टरची. बीअरने ती आपल्या मदतनिसावर करून पाहिली आणि खरंच बधिर झालाय का ते ठरवायला त्याच्या नडगीवर लोखंडी हातोडी मारली म्हणतात. त्याला काही वाटलं नाही. नंतर मात्र वाटलं असणार. माझ्यावर हातोडी कुणी मारली नाही, याबद्दल मी वैद्यकशास्त्राची ऋणी आहे.

आता काकूंच्या 'झोपायचं'बद्दल. तर मी झोपले नव्हते. मी टक्क जागी होते. मध्ये एक हिरवा पडदा, पडद्याच्या अलीकडे मी आणि पलीकडे माझं पोट. दुखत नाही हे खरं, पण कळतं सगळं. कुणीतरी माझ्या पोटाचा पेटारा करून तळाला गेलेली पैठणी ओढून काढतंय, असं वाटत होतं. वरची कातडी, खालची चरबी, मग स्नायूंवरचं जाड आवरण, मग स्नायू बाजूला सारून पोटाचं अस्तर, मग गर्भाशय आणि शेवटी पाण्याची पिशवी, एवढे उंबरे ओलांडून माणसं आत जातात. दोन्ही डॉक्टर आंब्याच्या पेटीचा यंदाचा भाव काय यावर बोलत होते. मला थंडी भरून आली होती, दात वाजत होते, आणि माझ्या मनात एकच विचार: भाव काहीही असो, पण लक्ष इकडे ठेवा हो!

मग एकदम कुणीतरी छातीखाली जोरात दाबलं, आणि पडद्यापलीकडून एक रागावलेला आवाज आला. आरामखुर्चीतून उठवल्याचा राग. पावणेतीन किलो. सुरुवात झाल्यापासून दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. त्याला माझ्या गालाशी आणून लावलं. माझे दोन्ही हात आडवे, एकाला सलाईन आणि दुसऱ्याला रक्तदाबाचा पट्टा, त्यामुळे मी त्याला नुसता गालाने धरला. आई होणं म्हणतात ते हेच असावं, कारण त्यानंतर अर्धा-पाऊण तास ते मला शिवत होते आणि माझं लक्ष आंब्याच्या भावाकडे अजिबात गेलं नाही.

इथवर जे झालं त्यात माझी मर्दुमकी काहीच नाही, हे मला मान्य आहे. खरी गंमत भूल उतरल्यावर असते. नेहमीची बाळंतीण आधी सोसते आणि मग सुटते. सीझरवालीचं उलटं, ती आधी सुटते आणि मग सोसते. रोखीऐवजी हप्त्यांनी, एवढाच फरक. आणि हप्त्यांनी घेतलेली वस्तू शेवटी महागच पडते, हे मध्यमवर्गीयांना मी काय सांगावं!

पहिला हप्ता दुसऱ्या दिवशी सकाळी. सिस्टर आली आणि म्हणाली, "चला, उठा." मला वाटलं, ती शेजारच्या खाटेशी बोलतेय. पायांत रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून लवकर चालायला लावतात. खाटेपासून न्हाणीघर बारा फुटांवर होतं. मी त्या बारा फुटांना नऊ मिनिटं घेतली, कंबरेत वाकून, एका हाताने पोट धरून. पोट सांडेल की काय असंच वाटत होतं.

दुसरा हप्ता वायूचा. पोट उघडून बंद केलं की आतडी काही काळ संपावर जातात. ती कामावर रुजू झाल्याची एकच खूण असते, आणि त्या खुणेची वाट माझं अख्खं सासर-माहेर बघत होतं. डॉक्टरीणबाई विचारत, सिस्टर विचारे, आई विचारे. मामंजी, ज्यांच्यासमोर मी कधी मोठ्याने शिंकलेसुद्धा नव्हते, त्यांनी ह्यांना फोन करून गंभीरपणे विचारलं, "झालं का?" दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते झालं तेव्हा घरात जो आनंद झाला, तो मुलगा झाला तेव्हाच्या आनंदापेक्षा फारसा कमी नव्हता.

तिसरा हप्ता हसण्याचा. माझ्यावर जिवापाड प्रेम करणारी माणसं मला भेटायला येत आणि माझी करमणूक व्हावी म्हणून विनोद सांगत. टाके असलेल्या पोटाने हसणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच माहीत. एक उशी पोटाशी घट्ट धरून हसायचं, खोकायचं, शिंकायचं. घरी आल्यावर तर मिरचीची फोडणी ऐकली की मी आधी उशी शोधत असे.

यात सल्ल्यांची भर. "भात खाऊ नकोस, टाके पिकतील." "पाणी कमी पी, पोट सुटेल." "पोट आत्ताच करकचून बांध, नंतर उपयोग नाही." मालीशवाल्या बाई तर पहिल्याच दिवशी पोट चोळायला तेल तापवून तयार. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, सगळं खा, भरपूर पाणी पी, जखम कोरडी ठेव, सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नकोस. सासूबाईंनी यातलं "सगळं खा" एवढंच ऐकलं आणि डिंकाचे लाडू आणि आळिवाची खीर सुरू केली. त्यांना मी दोष देत नाही. त्या घरात माझी बाजू घेणारा तो एक लाडूच होता.

आता मुख्य तक्रार. त्याच वर्षी दिवाळीत वन्संच्या यजमानांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. त्यांची चीर चार इंचांची. माझी त्याहून दोन बोटं जास्तच. त्यांना महिनाभर कुणी पाण्याचा तांब्या उचलू दिला नाही. सफरचंदाच्या फोडी करून, बिया काढून, टोचायला काटा देऊन ताटली समोर येत होती. ते कण्हले की सगळं घर धावायचं. कुणी त्यांना म्हणालं नाही, "सोप्पं हो तुमचं! आमच्या वेळी लोक हर्निया घेऊन नांगर धरायचे!" कुणी विचारलं नाही, "खरंच गरज होती का?" आणि मुख्य म्हणजे, त्यांच्या उशाशी दर दोन तासांनी रडणारं, पाजावं लागणारं, लंगोट बदलावं लागणारं काहीही कुणी आणून ठेवलेलं नव्हतं.

माझ्या उशाशी ते होतं. मी कण्हले, तर "अगं, बाळंतपण म्हणजे काही आजारपण नव्हे!" आणि मी बाळंतिणीच्या मानाने वागू गेले, तर "तू कुठे कळा सोसल्यास?" म्हणजे ऑपरेशनवाल्यांच्या पंगतीत मी बाळंतीण, आणि बाळंतिणींच्या पंगतीत ऑपरेशनवाली. दोन्ही पंगतींत पान मांडलेलं नाही. कचेरीतही तोच न्याय. माझ्या वेळी कायद्याने बारा आठवडे रजा होती, २०१७ साली ती सव्वीस झाली. चांगलं झालं. पण रात्री तीन वाजता बाळाला पाळण्यातून उचलून पोट कापलेल्या बाईच्या हातात द्यायला जो माणूस लागतो, त्याला आपल्याकडच्या खाजगी नोकरीत कायद्याने एका दिवसाचीही रजा नाही. आमचे हे चौथ्या दिवशी कामावर गेले. रात्री उठायचे बिचारे, पण एकदा झोपले की रोमचं सैन्य आलं तरी त्यांना पत्ता नसतो.

अशाच एका रात्री बाळ रडायला लागलं. मला कुशीवर वळता येईना. कुशीवर वळणं हे पाच टप्प्यांचं काम होतं आणि मी दुसऱ्या टप्प्यावर अडकले होते. अंधारात पाऊल वाजलं. बारशासाठी राहायला आलेल्या आत्या. त्यांनी बाळ उचललं, माझ्या कुशीत नीट लावून दिलं आणि खाटेच्या कडेवर बसून राहिल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या थोरलीचं असंच होतं. पायाकडचं. अठ्ठावन्न साल. श्रावण होता, नदीला पाणी, दवाखाना पलीकडे. मी सोळा वर्षांची, दाराबाहेर बसलेली. तीन दिवस ऐकत होते." जरा थांबून म्हणाल्या, "तिसऱ्या दिवशी आवाज बंद झाला. मूलही नाही राहिलं." मी काय बोलणार? त्यांनी माझ्या पायावरचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणाल्या, "नदीपलीकडे कापणारा होता गं. पण नदी होती ना."

'आडवा आला तर कापून काढीन' असं आपण येताजाता म्हणतो. ही धमकी आपल्या भाषेत कुठल्या खोलीतून आली असेल, याचा मी त्या रात्रीपर्यंत कधी विचार केला नव्हता.

सकाळी आत्या पुन्हा पूर्ववत. चहा पिता पिता शेजारणीला सांगत होत्या, "हिला काय, कळा नाहीत न् काही नाहीत!" पण आता माझ्या लक्षात आलं होतं. ज्या घरात बाईने उपसलेल्या कष्टांची दुसरी कुठलीच नोंद होत नाही, तिथे कळांचे तास हीच तिची सेवापुस्तिका. तेवढी एक नोंद तरी कुणी खोडू नये म्हणून त्या जपतात. माझी त्याला हरकत नाही. अठ्ठावीस तासवालीला माझा नमस्कार, रिक्षावालीला तर साष्टांग. मी फक्त एवढंच म्हणते, की माझ्याही पुस्तिकेत एक ओळ लिहा. शाईची चणचण असेल तर माझ्या पोटावर सहा इंचांची ओळ आधीच काढलेली आहे. नुसता शिक्का मारा.

आणि सीझरवालीला भेटायला जाल तेव्हा विनोद सांगू नका. मुलगा कुणावर गेलाय ते ठरवत तासभर बसू नका. घरून येताना मऊ भात-वरणाचा डबा आणा, ग्लासभर पाणी तिच्या हाताला येईल असं ठेवा, बाळाला तासभर घेऊन बाहेर बसा आणि तिला झोपू द्या. जाताना 'सोप्पं' हा शब्द चपलांबरोबर दाराबाहेरच राहू द्या.

गेल्या महिन्याची गोष्ट. आत्यांना उसण भरली. शेक झाला, मलम झालं, गोळ्या झाल्या. शेवटी त्या दिवाणखान्यात चटईवर पालथ्या पडल्या आणि आमच्या चिरंजीवांना हाक मारली. "ये रे बाबा, पाय लाव जरा."

मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "आत्या, पण हा तर पायाळू नाही ना! कुठूनच आलेला नाही, नुसता उचललाय."

आत्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "गप गं," त्या चटईतूनच म्हणाल्या. "आला म्हणजे आला. लाव रे तू पाय, आणि अंमळ जोरात लाव."